चिंधी बांधलेला दोडका

स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या मागे, हॉर्लिक्सची एक जुनी बाटली होती. काकूंनी स्टुलावर चढून ती खाली काढली, झाकण फिरवलं आणि आतली राख वर्तमानपत्रावर पालथी केली. राखेत कडुनिंबाचा वाळका पाला, आणि पाल्यात दोडक्याचं बी. काळं, चपटं, खडबडीत. काकूंनी दोनदा मोजलं. एकोणतीस.

दिवस होता पौष पौर्णिमेचा, २५ जानेवारी २०२४. छत्तीसगडात या दिवशी छेरछेरा असतो. धान मळून घरात आलेलं असतं आणि पोरंसोरं झोळी घेऊन दारोदार त्यातला वाटा मागतात. रायपूरसारख्या शहरात आता पोरं धानाऐवजी नाण्यांवरही खूश असतात. पण तेलीबांध्याच्या या घरात छेरछेऱ्याचा आणखी एक नेम होता. त्या दिवशी सासूबाई बियांच्या बाटल्या खाली काढायच्या, बी उन्हात ठेवायच्या, आणि वसंत पंचमीला पेरायच्या. हाच दिवस शाकंभरी जयंतीचा. इथले मरार, म्हणजे पिढ्यान् पिढ्या भाजीपाला पिकवणारे लोक, तो मोठ्या श्रद्धेनं साजरा करतात. सासूबाई मरार नव्हत्या, पण त्यांच्या भंडाऱ्याकडेही मरार मंडळी आहेत आणि लहानपणापासून त्यांच्या वाडीत बागडलेल्या असल्यामुळे तो दिवस त्यांनी आपलाच मानला होता.

सासूबाई २०२२ मध्ये गेल्या. त्याआधी दोन वर्षं अंथरुणावरच होत्या. शेवटचं बी धरलं होतं ते २०२० च्या उन्हाळ्यात. त्यानंतर औषधं, डायपर, रात्रीची जागरणं यांत दोडक्याची आठवण कुणाला होणार? त्या गेल्यावरचं एक वर्ष तसंच गेलं. म्हणजे बाटलीतलं बी आता जवळजवळ चार वर्षांचं झालं होतं.

दोडका, दुधी, काकडी या वेलवर्गाचं बी नीट वाळवून, कोरड्या आणि थंड जागी ठेवलं तर चार-पाच वर्षं टिकतं. कांद्याचं बी वर्षभरातच मान टाकतं, भेंडीचंही फार काळ भरवशाचं नसतं. त्या हिशेबानं दोडका तसा चिवट. पण ‘कोरडी आणि थंड जागा’ रायपुरात आणायची कुठून? मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर, आणि जूनच्या मध्यापासून चार महिने अशी दमट हवा, की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. बी जिवंत असतं. ते मंद मंद श्वास घेत असतं. उष्णता आणि ओल जितकी जास्त, तितकी त्याची शिदोरी लवकर संपते. दिल्लीच्या राष्ट्रीय बीज-पेढीत बी शून्याखाली अठरा अंशांवर ठेवतात, ते याचसाठी. काकूंच्या फडताळाखाली गॅसची शेगडी होती.

सासूबाई लग्न होऊन भंडाऱ्याहून इथं आल्या १९५६ साली. रायपुरात मराठी माणसं काही त्यांच्यापासून सुरू झाली नाहीत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर आला, तो १८५४ पर्यंत होता. पुढे मध्य प्रांताच्या काळातही कचेऱ्यांत, शाळांत, रेल्वेत मराठी घरं येतच राहिली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली ज्यांनी काढलं, ते माधवराव सप्रेही मराठीच. सासूबाईंच्या ट्रंकेत साड्यांबरोबर पुरचुंड्या होत्या, वालाची, अंबाडीची, दोडक्याची. नव्या गावात भाजी मिळेल की नाही या काळजीनं त्यांच्या आईनं दिलेल्या.

भाजी तर मिळतच होती. उलट छत्तीसगडाएवढं पालेभाज्यांचं वेड दुसरीकडे क्वचितच असेल. लालभाजी, चेचभाजी, खेडाभाजी, करमत्ता, नावं संपत नाहीत. अंबाडीला इथं अमारी म्हणतात. वांग्याला भांटा, टोमॅटोला पताल. पताल म्हणजे काय हे सासूबाईंना कळायला दोन दिवस लागले होते म्हणे. दोडका मात्र इकडेही ‘डोडका’च. तलावापलीकडे एका मरार कुटुंबाची बाडी होती. तिथल्या बाईंशी सासूबाईंची गट्टी जमली ती याच एका शब्दावरून. एकीनं ‘डोडका’ म्हटलं, दुसरीनं ‘दोडका’, आणि दोघी हसल्या. त्याच वर्षी सासूबाईंनी आपल्या बियांतली मूठभर तिला दिली.

तेव्हाचं तेलीबांधा आजच्यासारखं नव्हतं. आज तलावाभोवती फरसबंद वाट आहे, दिवे आहेत, उंच राष्ट्रध्वज आहे, संध्याकाळी फिरायला आणि खायला इतकी गर्दी की लोक त्याला ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. पूर्वी इथं गावाची वेस संपत आल्यासारखी वाटायची. धमतरीकडे जाणारी छोटी रेल्वे, १९०० साली सुरू झालेली नॅरोगेज, तेलीबांध्याला थांबायची आणि तिच्या शिट्टीवर सासूबाई चहाचं आधण ठेवायच्या. ते रूळ पुढे उखडले गेले आणि त्या जागी एक्स्प्रेस-वे झाला. पलीकडची बाडीही गेली. तिथं आता चार मजली घरं आहेत.

काकू या घरात आल्या १९८१ साली, अमरावतीहून. पदवीधर, टापटिपीच्या, आणि मातीत हात घालायचा कंटाळा असलेल्या. १९८४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या हातून ‘ते’ झालं. परसातल्या वेलावर पहिला, भरदार दोडका दिसला. पाहुणे यायचे होते. काकूंनी तो तोडला, शिरा काढल्या, मुगाची डाळ घालून भाजी केली आणि शिरांची तीळ घालून चटणीही केली. जेवताना सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, उठून परसात गेल्या आणि वेलाखालून लाल कापडाची एक चिंधी उचलून घेऊन आल्या. बियाण्यासाठी राखलेल्या फळाला त्या चिंधी बांधायच्या. वाऱ्यानं ती सुटून पडली होती. त्यात काकूंचा दोष तो काय! पण सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकू अजून म्हणतात.

पुढे त्या वर्षी लाल भुंग्यांनी आणि उन्हानं वेल आटोपला, दुसरं फळ बियाण्याला राहिलंच नाही. पाचव्या दिवशी सासूबाईंनी सुनेला बरोबर घेतलं आणि तलावाच्या काठाकाठानं त्या मरारबाईंच्या बाडीत गेल्या. तिच्या चुलीवर, धुरात, वाळके दोडके टांगलेले होते. दोडका वेलावरच वाळू दिला की तपकिरी होतो, हलवला की खुळखुळतो, आणि त्याच्या टोकाशी एक लहानसं झाकण असतं, ते गळून पडलं की बी आपोआप खाली सांडतं. मरारबाईंनी एक दोडका काढून सुनेच्याच पदरात झटकला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘‘बरं झालं वं, हिच्याकडे होतं.’’

आता मात्र त्या बाडीचा आधार उरला नव्हता. मरारबाईंची सून रोज सकाळी पाटी घेऊन काकूंच्या दारी येते, पण भाजी ठोक बाजारातून घेतलेली असते. काकूंनी विचारलं, ‘‘तुझ्या सासूच्या डोडक्याचं बी असेल का गं कुठं?’’ तिनं मान हलवली. बाटलीतलं बी तळहातावर घेऊन, नखानं दाबून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘जुन्ना हो गे हे काकी, नइ जामय.’’ जुनं झालंय, उगवायचं नाही.

काकूंच्या नातीला, नववीतल्या, या सगळ्यात एकदम रस आला. तिनं कुठंतरी वाचलं होतं, की इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली पेरली आणि ती चक्क उगवली. ‘‘आजी, दोन हजार वर्षं! आपलं तर चारच.’’ काकू म्हणाल्या, ‘‘अगं, तिथं वाळवंट आहे. इथले चार पावसाळे दे त्या खजुराला, मग बघू.’’ शास्त्राच्या कुठल्याही मास्तरांनी याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

नातीनंच मग परीक्षा घ्यायची ठरवली. नऊ बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळल्या, फडकं डब्यात, डबा फ्रिजच्या डोक्यावर, कारण तिथं जरा ऊब असते. दोडक्याला उगवायला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते. जानेवारीच्या रात्री रायपुरात बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतात, अशा गार मातीत घाईनं पेरलेलं बी उगवत नाही, कुजतं. वसंत पंचमीपर्यंत थांबण्यामागं हेच कारण असणार. ताजं बी पाच-सहा दिवसांत फुटतं. सहा दिवस झाले, आठ झाले. दोन बिया बुळबुळीत झाल्या. दहाव्या दिवशी एकीच्या टोकातून पांढरा ठिपका बाहेर आला. नवांत एक.

काकांना बायकोचा हा जीव टांगणीला लागलेला बघवेना. ते म्हणाले, ‘‘अगं, बाजारात पाकिटं मिळतात. संकरित. महिना-दीड महिन्यात फळ.’’ त्यांचं काही चूक नव्हतं. संकरित वाण भरपूर येतो, एकसारखा येतो, रोगालाही काही प्रमाणात तोंड देतो, आणि ज्याचं पोट भाजीवर आहे त्याला तो लागतोच. फक्त त्याच्या फळातलं बी धरून पुढल्या वर्षी पेरलं तर आधीसारखंच पीक येईल याची खात्री नसते, दर वर्षी पाकीट नवं. काकू एवढंच म्हणाल्या, ‘‘तो दोडका असेल हो. आईंचा नसेल.’’ सासू हयात असताना ज्या बियांवरून दोघींची वर्षातून एकदा तरी धुसफूस व्हायची, त्याच बियांसाठी काकू आता हे बोलत होत्या. काका गप्प बसले.

बियांबद्दलचा हा हट्ट काही एका घरापुरता नाही. याच रायपुरात १९७० च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी छत्तीसगडच्या गावागावांतून धानाचे हजारो वाण गोळा केले होते. तो ठेवा आज इथल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे. आणि आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, शाळेत न गेलेल्या, त्यांनी घरात गावठी बियांची बँक उभी केली म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनीही सुरुवात केली ती घरातल्या आणि शेजारच्या बायकांकडच्या मूठ-मूठ बियांपासूनच.

१४ फेब्रुवारीला वसंत पंचमी आली. उरलेल्या वीस बिया. काकूंनी नेलकटर घेतला आणि प्रत्येक बीच्या कडेचं कठीण कवच अगदी नखभर खरवडलं, म्हणजे पाणी आत शिरायला वाट मिळेल. रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं. या भागातली माती कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा अशा नावांनी ओळखतात. कन्हार काळी आणि चिकण, तर भाटा म्हणजे लाल, मुरमाड, दगडाळ. काकूंचं परस भाट्याचं. म्हणून जमिनीत न पेरता त्यांनी पळसाच्या पानांचे दोने आणले, त्यात चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत भरलं, बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर एकेक बी ठेवलं. दोना मातीत कुजतो, त्यामुळे रोप पुढे दोन्यासकट आळ्यात ठेवता येतं, मुळाला धक्का नाही. वीस दोने व्हरांड्यात ओळीनं मांडले.

रोज सकाळी काकू चष्मा लावून ओळीपुढे बसायच्या. नात शाळेत जाताना आणि आल्यावर बघायची. काका वर्तमानपत्राआडून बघायचे.

सहाव्या दिवशी एकदम दोन दोन्यांत माती उचकटली. नात ओरडलीच. संध्याकाळपर्यंत दोन हिरवी, दांडगी रोपं मान वर काढून उभी. दोघांच्याही डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलेलं होतं, तसं पुष्कळदा होतं. काकू वाकल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाकल्या. टोप्या गुलाबी होत्या.

पाकिटातल्या बियांना बुरशी लागू नये म्हणून औषध चोपडलेलं असतं, आणि ते ओळखू यावं म्हणून त्याला रंग देतात. (असं बी मुलांच्या हाती देऊ नये, आणि पेरल्यावर हात साबणानं धुवावेत. काका दोन्ही विसरले नसावेत, अशी आशा करू या.) काकूंनी वर्तमानपत्राकडे पाहिलं. वर्तमानपत्र जरा जास्तच वर गेलं होतं.

काकू काही बोलल्या नाहीत. दोन्ही दोने उचलून बाजूला ठेवले. रात्री जेवताना मात्र काकांच्या ताटात तूप जरा जास्त पडलं, असं नातीनं नंतर सांगितलं.

तिसरी टोपी काळी होती. ती आली पंधराव्या दिवशी, मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या तोंडावर. मग आणखी दोन. बाकीच्या दोन्यांत काहीच नाही. फडक्यातल्या त्या एकीला धरून एकूण चार रोपं झाली. त्यांतलं एक कबुतरानं मोडलं. दुसऱ्याची कोवळी दलं लाल भुंग्यांनी एका सकाळीत जाळीदार करून टाकली. त्यानंतर काकूंनी दव पडलेलं असतानाच रोपांवर राख भुरभुरायला सुरुवात केली. घरात चूल नाही, पण गल्लीच्या चौकीदाराच्या शेकोटीतली डबाभर राख त्यांनी जानेवारीतच आणून ठेवली होती. दोन रोपं वाचली.

कार ठेवायच्या शेडजवळ जी पट्टी उरली आहे, तिथं आळी खणली. दोन वेल तिथं. गुलाबी टोपीवाले दोन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, गेटपाशी. काकांनी स्वतः मांडव घातला, दोन्हींकडे.

एप्रिल लागला, वेल मांडवावर चढले आणि पिवळी फुलं आली. पण सगळी नर. दोडक्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं येतात. नर घोसानं, मादी एकेकटी, आणि मादी फुलाच्या खाली बोटभर इवला दोडका आधीपासूनच असतो. उन्हाची तलखी आणि दिवस मोठे झाले की नर फुलं फार येतात, मादी कमी. रायपूर चाळिशीकडे निघालं होतं. गेटपाशी काकांच्या वेलांना फळं लागायला लागली आणि इकडे रोज घोसच्या घोस नुसते गळत होते. काकू वेलाला सावली म्हणून दुपारी जुनी साडी बांधू लागल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी, बुडाशी पेंढ्याचं आच्छादन. नात म्हणाली, ‘‘आजी, तू याची पणजीसारखी सेवा करतेस.’’ काकूंनी त्यावर उत्तर दिलं नाही.

महिनाअखेरीस एका दुपारी नातीलाच ती दिसली, पानाआड, शिरा उमटलेली इवली दांडी आणि टोकाला मिटलेली कळी. आता खरी घाई होती. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. (घोसाळ्याचं सकाळी. दिसायला चुलत भाऊ, पण वेळापत्रक वेगळं.) एकदा उमललं की पतंग, मधमाश्या या वेलावरून त्या वेलावर जाणार, आणि गेटपाशीच्या वेलांचे पराग इथं आले तर फळ धरेल, पण बी मिसळ होईल. म्हणून काकूंनी दुपारीच त्या कळीवर आणि उद्या-परवाकडे न जाता आजच उमलतील अशा दोन नर कळ्यांवर मलमलीच्या लहान पिशव्या बांधल्या. पाच वाजल्यापासून तिघं खुर्च्या टाकून बसली. सहाच्या सुमाराला पिशवीच्या आत पिवळं दिसायला लागलं. काकूंनी नर फूल खुडलं, पाकळ्या मागं सारल्या, मादी फुलाची पिशवी उघडली आणि पराग हलक्या हातानं टेकवले, देवाला गंध लावावं तसे. पिशवी पुन्हा बांधली. तलावाकडून गाड्यांचे हॉर्न येत होते.

चार दिवसांनी पिशवी सोडली. दांडी पिवळी पडली नव्हती, फुगली होती. आठवड्यात हातभर झाली. काकूंनी ट्रंकेतून सासूबाईंच्या एका लाल लुगड्याचा काठ काढला, त्याची चिंधी फाडली आणि फळाच्या देठाला बांधली. एक गाठ मारली. मग दुसरी. मग ओढून पाहिली आणि तिसरी.

आता ते फळ वेलावरच वाळायला हवं, पावसाळा यायच्या आत. मरारांच्या सुनेनं पाटी खाली ठेवून ते बघितलं, चिंधीला हात लावला आणि म्हणाली, ‘‘मोर बर घलो राखबे काकी.’’ माझ्यासाठीही ठेव. काकूंनी नातीला वहीत लिहायला लावलं. पहिलं नाव तिचं. दुसरं पुण्याच्या मुलीचं. तिसरं भंडाऱ्याला, सासूबाईंच्या भाच्याकडे.

दुपारी काका विळी घेऊन परसाच्या दारात उभे राहिले आणि भीत भीत म्हणाले, ‘‘आज भाजीचं काय?’’

‘‘तुमच्या वेलाचे काढा,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तीन पुरतील. आणि शिरा टाकू नका, चटणी करते.’’